‘सत्य’, ‘सिद्ध’ आणि ‘निष्पन्न’ हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो का?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

मी परभणीत कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. बारावीच्या गणिताच्या पुस्तकाची सुरुवातच गणिती तर्कशास्त्राने होते आणि दरवर्षी जूनमध्ये मी सत्यता सारण्या, म्हणजे विधानाची अंगे सत्य-असत्य असताना संपूर्ण विधान काय ठरते याचे तक्ते, फळ्यावर काढतो. यंदा जिंतूरकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ‘जर प तर फ’ हे विधान सत्य आहे, असे तुम्ही म्हणता आणि ‘प वरून फ निघते’ असेही म्हणता. या दोन्हींचा अर्थ एकच आहे का?” मी घाईत “हो, एकच” असे उत्तर दिले. रात्री जेवताना लक्षात आले, की उत्तर चुकले होते.

‘जर परभणी शहर गोदावरीच्या उत्तरेस असेल, तर नांदेडला गुरुद्वारा आहे’ हे विधान घ्या. त्यातली दोन्ही अंगे सत्य आहेत, म्हणून सारणीप्रमाणे संपूर्ण विधान सत्य ठरते. परंतु परभणीच्या भूगोलावरून नांदेडचा गुरुद्वारा ‘निघतो’, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. मग ‘निघणे’ म्हणजे नेमके काय? आणि याच गोंधळाचे दुसरे टोक असे, की तर्कशास्त्रज्ञ गोडेल यांच्याविषयीच्या लेखांत ‘सत्य, पण सिद्ध न होणारी विधाने’ असा शब्दप्रयोग नेहमी आढळतो. एखादी गोष्ट सिद्धच झालेली नसेल, तर ती सत्य असल्याचे कळले कुणाला आणि कसे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. वर्गात चूक दुरुस्त करायची आहे.

दुधनाकाठ

सर, प्रश्न नेमका आहे आणि विद्यार्थिनीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. मी मूळची सेलूची असून माझे काम याच विषयात असल्याने थोडे विस्ताराने लिहिते.

आधुनिक तर्कशास्त्रात ‘हे विधान सत्य आहे’ असे नुसते म्हटले जात नाही. ‘अमुक रचनेत सत्य आहे’ असे म्हटले जाते. रचना म्हणजे वस्तूंचा एक रिकामा नसलेला संच आणि त्या वस्तूंमधले ठरवून दिलेले संबंध. आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. संच आहे मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचा आणि संबंध आहे ‘शेजारी’, म्हणजे ज्यांच्या सीमा एकमेकींना भिडतात असे जिल्हे. ‘प्रत्येकाला किमान दोन शेजारी आहेत’ हे विधान या रचनेत सत्य आहे. हिंगोलीला परभणी व नांदेड आहेत, धाराशिवला बीड व लातूर आहेत आणि संभाजीनगरला जालना व बीड आहेत. इतरांना त्याहून अधिक आहेत. ‘असा एक आहे, जो बाकी सर्वांचा शेजारी आहे’ हे विधान मात्र असत्य आहे, कारण बीड आणि परभणी यांनाही पाच-पाचच शेजारी आहेत. ‘किमान आठ परस्परभिन्न वस्तू आहेत’ हे विधान आज सत्य असले, तरी 1998 मध्ये असत्य होते, कारण हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी. विधानाचे एक अक्षरही बदलले नाही; बदलली ती रचना.

आता तुमचा मूळ प्रश्न. समजा गृहीतके दोन आहेत. शेजारीपणा परस्परांचा असतो, हे पहिले आणि कोणीही स्वतःचा शेजारी नसतो, हे दुसरे. यांवरून ‘प्रत्येकाला किमान एक शेजारी असतो’ हे निघते का? मराठवाड्याच्या रचनेत तिन्ही विधाने सत्य आहेत. परंतु सार्कच्या आठ सदस्य देशांची रचना घ्या आणि शेजारीपणा म्हणजे जमिनीवरची समाईक सीमा असे समजा. दोन्ही गृहीतके तिथेही सत्य आहेत. मालदीवला मात्र जमिनीवर एकही शेजारी नाही. निष्कर्ष कोसळला. म्हणून तो त्या गृहीतकांवरून निघत नाही, मग मराठवाड्यात तो कितीही सत्य असो.

व्याख्या तेवढीच आहे. ज्या ज्या रचनेत सर्व गृहीतके सत्य ठरतात, त्या प्रत्येक रचनेत निष्कर्षही सत्य ठरत असेल, तरच निष्कर्ष गृहीतकांवरून निष्पन्न होतो. ज्या रचनेत गृहीतके सत्य ठरतात, तिला त्या गृहीतकांचे मॉडेल म्हणतात. ‘जर-तर’ विधानाची सत्यता एका रचनेपुरती असते. निष्पत्ती सर्व रचनांविषयी बोलते. तुमच्या परभणी-नांदेडच्या उदाहरणात एकच रचना, म्हणजे आपले खरे जग, पाहिली गेली होती.

या व्याख्येचे श्रेय तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड टार्स्की यांच्या 1936 मधील निबंधाला दिले जाते, जरी बोल्झानो यांनी 1837 मध्येच तिच्या पुष्कळ जवळ जाणारा विचार मांडला होता. आज पाठ्यपुस्तकांत दिसते ते रूप टार्स्की आणि व्हॉट यांच्या 1957 मधील लेखात स्पष्टपणे मिळते. 1936 मध्ये टार्स्की यांना वस्तूंचा संचही बदलणे अभिप्रेत होते की नाही, याविषयी अभ्यासकांत अजून वाद आहे.

शून्य_एक

ताई, ‘मॉडेल’ या शब्दाने माझा बराच काळ गोंधळ केला, म्हणून नोंदवतो. मी लातूरचा आहे आणि संगणकाच्या नोकरीत आहे. आमच्याकडे काय किंवा कृषी विद्यापीठात काय, पावसाचे मॉडेल म्हणजे समीकरणे. पाऊस ही खरी वस्तू आणि मॉडेल हे तिचे वर्णन. तर्कशास्त्रात नेमके उलटे आहे. वर्णन म्हणजे गृहीतके आणि ज्या वस्तुसमूहाला ते वर्णन लागू पडते, तो त्याचे मॉडेल. चित्रकार समोर बसवतो त्या व्यक्तीलाही मॉडेलच म्हणतात, हे आठवले तेव्हा कुठे माझे डोके ताळ्यावर आले.

दुधनाकाठ

चित्रकाराची तुलना चपखल आहे. एका चित्राशी जुळणाऱ्या व्यक्ती अनेक असू शकतात, हेही तिच्यातच येते, आणि पुढचे सर्व नाट्य तिथूनच घडते.

बालाघाट

मी अंबाजोगाईचा एक निवृत्त संस्कृत शिक्षक. गणिताशी माझा संबंध दुरूनच, तथापि न्यायशास्त्राच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ‘पर्वत अग्नियुक्त आहे, धूर असल्यामुळे’ हे अनुमान येते आणि त्याचा आधार ‘जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी’ ही व्याप्ती असते. दुधनाकाठ यांची ‘ज्या ज्या रचनेत’ ही शब्दयोजना वाचून मला प्रथम व्याप्तीच आठवली. परंतु जरा विचार केल्यावर साम्य वरवरचे वाटू लागले. व्याप्ती या जगातल्या स्थळांविषयी बोलते, आणि म्हणूनच दृष्टांत म्हणून खरेखुरे स्वयंपाकघर दाखवावे लागते. शिवाय हेतूच, म्हणजे दिलेले कारणच, खोटा असेल, तर नैयायिक (न्यायशास्त्री) त्या अनुमानाला दुष्ट, म्हणजे सदोष, ठरवतो. तुमच्या शास्त्रात गृहीतके खोटी असली, तरी निष्पत्ती निर्दोष असू शकते.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. ‘आकाशातील कमळ सुगंधी आहे, कमळ असल्यामुळे’ हे आमच्याकडे हेत्वाभासाचे, म्हणजे सदोष कारणाचे, प्रसिद्ध उदाहरण आहे. आकाशकमळ मुळातच अस्तित्वात नसल्यामुळे अनुमानाला आश्रयच राहत नाही. तुमच्याकडे याची काय वाट लागते?

दुधनाकाठ

काका, आमच्याकडे ‘सर्व आकाशकमळे सुगंधी आहेत’ हे विधान सत्य ठरते, कारण त्याला खोटे पाडण्यासाठी निदान एक बिनवासाचे आकाशकमळ आणून दाखवावे लागेल. ‘सर्व आकाशकमळे दुर्गंधी आहेत’ हेही त्याच कारणाने सत्य ठरते. विद्यार्थ्यांना हे सुरुवातीला फसवणुकीसारखे वाटते. माझ्या मते हा सोयीसाठी केलेला करार आहे. तो केल्यामुळे ‘सर्व’ आणि ‘असा एक तरी’ यांचे नकाराशी नाते अपवादाविना जुळते. नैयायिकांचा प्रश्न ज्ञान कसे होते, हा होता आणि आमचा प्रश्न विधानांच्या आकारामुळे काय बांधले जाते, हा आहे. प्रश्न वेगळे असताना एकाला दुसऱ्याचा पूर्वज ठरवण्याची घाई करू नये; तुम्ही ती केली नाही, याबद्दल आभार.

कोरडवाहू

सगळे वाचले. एक साधी शंका आहे. ‘सर्व रचनांत सत्य’ म्हणायला सोपे, पण रचना तर अनंत. त्या तपासायच्या कोणी? आमच्या गावात पीक पाहणीला वर्षातून एकदा तलाठी फिरकला, तरी आम्ही पुष्कळ समजतो.

दुधनाकाठ

दादा, तुमचा तलाठी मी याच उत्तरात कामाला लावते.

निष्पत्ती ठरवण्यासाठी अनंत रचना पाहाव्या लागतील, हे बरोबर. सिद्धता हा मात्र पूर्णपणे निराळा पदार्थ आहे. ती ओळींची एक सांत, म्हणजे कुठेतरी संपणारी, यादी असते. प्रत्येक ओळ एकतर गृहीतक असते किंवा आधीच्या ओळींवरून ठरलेल्या नियमाने आलेली असते. ती तपासणाऱ्याला अर्थ कळण्याचीही गरज नाही. सात-बाराच्या नोंदी जुळवाव्यात तशा ओळी जुळवणारा कोणीही चालेल. सिद्धतेचे नियम चुकीचे काही निष्पन्न करत नाहीत, हे दाखवणे सोपे आहे. कठीण प्रश्न उलट दिशेचा होता. सर्व रचनांत जे टिकते, त्या प्रत्येकाला सांत सिद्धता असतेच का? कुर्ट गोडेल यांनी 1929 मध्ये व्हिएन्नातील आपल्या प्रबंधात ‘असतेच’ असे सिद्ध केले. हेच पूर्णता प्रमेय. ज्या भाषेत ‘सर्व’ आणि ‘असा एक तरी’ हे शब्द फक्त वस्तूंना लागतात, वस्तूंच्या संचांना लागत नाहीत, त्या प्रथम-क्रम भाषेपुरते ते खरे आहे. तलाठ्याने एक कागद तपासला, की अनंत रचनांची पाहणी आपोआप होते. मला अजूनही हे प्रमेय गोडेल यांच्याच 1931 च्या प्रसिद्ध अपूर्णता प्रमेयापेक्षा अधिक आश्चर्यकारक वाटते.

मात्र सिद्धता नसेल, तर ती नसल्याचे ठरवून देणारी सर्वसाधारण रीत नाही, हे 1936 मध्ये चर्च आणि ट्युरिंग यांनी स्वतंत्रपणे दाखवले. अशा वेळी उपयोगी पडते ते प्रतिमॉडेल, म्हणजे वरच्या मालदीवसारखी रचना. युक्लिडचे समांतर रेषांचे गृहीतक उरलेल्या गृहीतकांवरून सिद्ध करण्यासाठी लोक सुमारे दोन हजार वर्षे झटले. 1868 मध्ये बेल्त्रामी यांनी दुसऱ्याच भूमितीला मॉडेल मिळवून दिले आणि ती सिद्धता कधीच मिळणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

पाटीपेन्सिल

इथे माझी गाडी अडली. 1929 मध्ये पूर्णता आणि 1931 मध्ये अपूर्णता, दोन्ही त्याच गोडेल यांची. दोन वर्षांत त्यांनी स्वतःलाच खोडले, असे तर नाही ना?

शून्य_एक

मी वाचले आहे, त्याप्रमाणे अपूर्णता प्रमेयाचा अर्थ असा, की गणितात अंतिम सत्य नसते आणि यंत्राला माणसाची बरोबरी कधीच करता येणार नाही.

दुधनाकाठ

शून्य_एक, प्रमेय यातले काहीही म्हणत नाही. यंत्र आणि माणूस यांच्याविषयी त्यावरून वाद घालणारे आहेत, पण तो वाद आहे, प्रमेय नव्हे.

सर, घोटाळा शब्दाचा आहे. 1929 ची पूर्णता ही सिद्धतेच्या नियमांची आहे. जे निष्पन्न होते ते सर्व सिद्ध करता येते. 1931 ची अपूर्णता ही गृहीतकांच्या एखाद्या यादीची आहे. अंकगणिताची गृहीतके सुसंगत असतील, म्हणजे त्यांवरून एखादे विधान आणि त्याचा नकार दोन्ही सिद्ध होत नसतील, आणि कोणते विधान गृहीतक आहे हे यांत्रिक रीतीने ओळखता येत असेल, तर असे एखादे विधान उरतेच, की ते किंवा त्याचा नकार यांपैकी काहीही त्या यादीवरून सिद्ध होत नाही. मराठीत आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो आणि इतर भाषांतही तेच झाले आहे. मी वर्गात दुसऱ्या प्रकाराला ‘निर्णायकता’ म्हणते, तो शब्द कुठल्या कोशात नसला तरी.

आता दोन्ही प्रमेये एकत्र ठेवा. पेआनो यांची अंकगणिताची गृहीतके, म्हणजे संख्यांच्या मूलभूत नियमांची रूढ यादी, घ्या आणि गोडेल यांचे विधान ‘ग’ घ्या, ज्याचा आशय असा, की ‘ग ला या गृहीतकांवरून सिद्धता नाही’. वाक्यांना आणि सिद्धतांना क्रमांक दिले, की हे संख्यांच्याच भाषेत लिहिता येते. गृहीतके सुसंगत असतील, तर ग ला सिद्धता नाही. मग पूर्णता प्रमेयाप्रमाणे ग निष्पन्नही होत नाही, म्हणजेच पेआनोंची सर्व गृहीतके पाळणारी, पण ग जिच्यात असत्य आहे, अशी एक रचना असलीच पाहिजे. ‘सत्य, पण सिद्ध न होणारे’ या वाक्यात ‘कुठे सत्य’ हा शब्द गाळलेला असतो. ग सत्य आहे ते 0, 1, 2, 3 या आपल्या नेहमीच्या संख्यांच्या रचनेत. ते कळले कसे, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे, की गृहीतके सुसंगत आहेत एवढे मानले, तर ग ला सिद्धता नाही, हे आपण बाहेरून दाखवतो आणि ग तेवढेच तर म्हणत होते. ही मान्यता त्या यादीच्या बाहेरची आहे; फुकट काहीच मिळालेले नाही.

कोरडवाहू

नेहमीच्या नसलेल्या संख्या म्हणजे कोणत्या? दाखवा.

दुधनाकाठ

दाखवते. अंकगणिताच्या भाषेत ‘क’ हे एक नवे नाव घाला आणि पेआनोंच्या गृहीतकांत ही अनंत विधाने जोडा: क हा 0 पेक्षा मोठा आहे, 1 पेक्षा मोठा आहे, 2 पेक्षा मोठा आहे आणि असेच पुढे. या यादीतून विसंगती सिद्ध होऊ शकेल का? सिद्धता सांत असते, म्हणून ती या विधानांपैकी मोजकीच वापरेल. समजा तिने एक लाखापर्यंतची वापरली. मग क म्हणजे एक लाख एक असे समजले, की ती सर्व विधाने नेहमीच्या संख्यांतच सत्य ठरतात. विसंगती शक्य नाही. यादी सुसंगत आहे, म्हणून पूर्णता प्रमेयाने तिला मॉडेल आहे आणि त्या मॉडेलमध्ये क ही प्रत्येक नेहमीच्या संख्येपेक्षा मोठी आहे. असे मॉडेल असते, हे स्कोलेम यांनी 1934 मध्ये वेगळ्या मार्गाने दाखवले होते.

तिथे काय दिसते? शून्याखेरीज प्रत्येक संख्येला मागची संख्या असते, हे पेआनोंवरून सिद्ध होते, म्हणून क च्या मागे क वजा 1, त्याच्या मागे क वजा 2, आणि कितीही मागे गेले, तरी शून्य येत नाही. धुळे-सोलापूर महामार्गाचे किलोमीटरचे दगड डोळ्यांपुढे आणा. पहिला रस्ता शून्यापासून सुरू होऊन कधीच संपत नाही. त्याच्या पलीकडे असे रस्ते आहेत, ज्यांना सुरुवातही नाही आणि शेवटही नाही, फक्त दोन्ही बाजूंना जाणारे दगड आहेत; आणि असे कोणतेही दोन रस्ते घेतले, की त्यांच्या दरम्यान तसाच आणखी एक असतो. ग जिच्यात असत्य आहे, त्या रचनेत ‘ग च्या सिद्धतेचा क्रमांक’ म्हणून जी संख्या पुढे येते, ती अशाच पलीकडच्या रस्त्यावरची असते. तिचा उलगडा करून ओळी लिहायला बसलात, तर यादी सांत राहणारच नाही. तलाठ्याला ती तपासता येणार नाही, म्हणून ती खरी सिद्धता नव्हे.

शून्य_एक

माझे आधीचे विधान मागे घेतो. पण मग गृहीतकांतच लिहून टाकावे, की पलीकडचे रस्ते नकोत. एवढे सोपे असताना कोणी केले का नाही?

दुधनाकाठ

केले आहे आणि किंमतही मोजली आहे. ‘वस्तूंचा प्रत्येक संच’ असे म्हणण्याची मुभा भाषेला दिली, की आगमनाचे तत्त्व (0 ला लागू आणि प्रत्येक संख्येवरून पुढच्या संख्येला लागू, ते सर्व संख्यांना लागू) पूर्ण ताकदीने लिहिता येते आणि नेहमीच्या संख्यांखेरीज दुसरी रचना उरतच नाही. डेडेकिंड यांनी 1888 मध्ये हे दाखवले. परंतु त्या द्वितीय-क्रम भाषेत पूर्णता प्रमेय टिकत नाही. सिद्धतेचे नियम कोणतेही करा, काही निष्पत्ती त्यांच्या हातून निसटतातच. परके रस्ते पुसावेत, तर तलाठी जातो आणि तलाठी ठेवावा, तर परके रस्ते राहतात. मी स्वतः तलाठी ठेवते.

बालाघाट

एक शंका उरते. आपण नेहमीच्या रचनेतील सत्याविषयी इतके बोलत आहोत, तर ‘सत्य’ हा शब्द त्याच अंकगणिताच्या भाषेत का आणू नये?

दुधनाकाठ

काका, ते अशक्य आहे, हेच टार्स्की यांनी 1933 मध्ये पोलिश भाषेत प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात दाखवले. सत्याच्या कोणत्याही व्याख्येवरून ‘“गोदावरी पैठणवरून वाहते” हे वाक्य सत्य आहे, जर आणि तरच गोदावरी पैठणवरून वाहत असेल’ अशा प्रकारचे प्रत्येक वाक्य मिळाले पाहिजे, ही त्यांची अट. अवतरणचिन्हांच्या आत वाक्याचे नाव असते आणि बाहेर नदी असते. अंकगणितात वाक्यांना क्रमांक देता येतात, त्यामुळे तिथे स्वतःविषयी बोलणारी वाक्ये रचता येतात. ‘सत्य’ हा शब्दही त्याच भाषेत असता, तर ‘मी सत्य नाही’ असे म्हणणारे वाक्य तयार झाले असते आणि ती अट मोडली असती. ‘सिद्ध’ हा शब्द मात्र त्याच भाषेत लिहिता येतो. ग तर त्याच्याच आधारे उभे आहे. ‘सत्य’ आणि ‘सिद्ध’ एक नाहीत, याचा मला सर्वांत स्वच्छ वाटणारा पुरावा हाच आहे. सत्याची व्याख्या करायला एक पायरी वर, म्हणजे सहसा संचांच्या भाषेत, जावे लागते. मग त्या भाषेतल्या सत्याचे काय, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि तिथे मतभेद आहेत. संख्यांच्या बाबतीत ‘नेहमीची रचना’ म्हटले, की सर्वांच्या मनात एकच चित्र येते. कँटरच्या अखंडतेच्या गृहीतकाच्या बाबतीत, म्हणजे नैसर्गिक संख्यांचा अनंत आणि वास्तव संख्यांचा अनंत यांच्या मधे दुसरा अनंत नाही या विधानाच्या बाबतीत, तसे होत नाही. संचांच्या रूढ गृहीतकांवरून ते खोडता येत नाही, हे गोडेल यांनी 1938 मध्ये आणि सिद्धही करता येत नाही, हे कोहेन यांनी 1963 मध्ये दाखवले. मग ते ‘खरे’ काय आहे, असा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे का, यावरच एकमत नाही.

पाटीपेन्सिल

आज वर्गात चूक कबूल केली आणि मराठवाड्याचा नकाशा फळ्यावर लावला. गृहीतके तीन दिली: शेजारीपणा परस्परांचा, कोणी स्वतःचा शेजारी नाही आणि प्रत्येकाला किमान एक शेजारी आहे. विचारले, की ‘एकमेकांचे शेजारी असलेले तिघे असतातच’ हे यांवरून निघते का? बहुतेकांनी नकाशाकडे पाहिले, बीड, जालना आणि परभणी यांवर बोट ठेवले आणि “निघते” असे सांगितले. त्या विद्यार्थिनीने नकाशाकडे पाहिलेच नाही. तिने वहीत दोन ठिपके काढून त्यांना एका रेघेने जोडले आणि वही माझ्यापुढे धरली. नंतर विचारले, “सर, याहून लहान रचना चालणार नाही ना? एकटा ठिपका स्वतःचा शेजारी होऊ शकत नाही.”

दुधनाकाठ

नाही चालणार. आता तिला विचारा, की गृहीतके तीच ठेवून ‘प्रत्येकाला नेमका एकच शेजारी’ एवढी भर घातली, तर तीन ठिपक्यांची रचना का मिळत नाही.